गालातली चिमूट आणि कमरेची नाडी

धोतराच्या घट्ट गाठीमुळे कर्करोग होऊ शकतो, असा निरोप आज मोबाइलवर आला तर बहुतेक जण तो हसून पुसून टाकतील. पण ही गोष्ट १९४५ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे आणि ती लिहिणाऱ्यांत होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचं काम मुंबईतलं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रुग्ण कुठला, कोणत्या समाजातला, काय नेसतो, काय चघळतो, हेही त्यांना हवं असे.

धोतर किंवा लुगडं वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून नेसलं की कमरेवरची कातडी काळवंडते, खरखरीत होते, तिथं भेग पडते. भेगेची जखम होते आणि ती भरत नाही. क्वचित कधी या न भरणाऱ्या जखमेतूनच कातडीचा कर्करोग उभा राहतो. धोतरं कमी झाली, तरी हा विकार गेला नाही. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी बिहारमधल्या सहकाऱ्यांबरोबर अशाच दोन वयस्क स्त्रियांची हकीकत ब्रिटनच्या नियतकालिकात नोंदवली. एकीच्या परकराची नाडी कमरेत रुतत असे, दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी. यावर उपाय फुकटातला आहे. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावायची, गाठ रोज त्याच जागी येऊ द्यायची नाही, आणि कमरेवरची जखम महिनाभर तशीच राहिली तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवायची. अर्थात हा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे. त्याच्या धास्तीनं कुणी लुगडं टाकून द्यायला नको. मोलाची आहे ती खानोलकरांची नजर. कर्करोग शरीरात कुठे उगवणार, हे पुष्कळदा माणसाची रोजची सवय ठरवते, हे त्यांनी आपल्याच लोकांच्या शरीरांवर वाचलं.

त्यांच्या आधी काश्मीरमध्ये डॉक्टरांनी असंच काही पाहिलं होतं. तिथं थंडीत फिरन या झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात, म्हणून कर्करोग पोटाच्या आणि मांडीच्या कातडीवर. आंध्रच्या किनाऱ्यावर काही जण चुट्टा नावाचा चिरूट उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, म्हणून तो टाळूला. बिहारमध्ये खैनी खालच्या ओठामागे दाबून ठेवतात, म्हणून तिथं. आपल्याकडे गालात आणि हिरडीशी, कारण तंबाखूची चिमूट तिथंच बसते. पुढे १९६३ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकारानं मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि हाच धडा आकड्यांत उतरला. एकच शहर, एकच हवा, एकच नळाचं पाणी. पण पारशी समाजात तोंडाचा कर्करोग कमी आणि स्तनाचा जास्त. अग्नी पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध होतं, तंबाखू चघळण्याचीही फारशी रीत नव्हती. लग्नं मात्र उशिरा, मुलं कमी, आणि स्तनाचा धोका त्यानं वाढतो. हवा-पाणी तेच असताना रोगाची जागा बदलत असेल, तर कारण माणसांच्या वागण्यातच शोधायला हवं.

आपली भीती मात्र भलतीकडेच वळते. मोबाइलचा टॉवर, मायक्रोवेव्ह, नॉनस्टिक तवा, फ्रीजमधली बाटली. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून तावातावानं बोलणाऱ्या सभेत दोन-चार जणांच्या तोंडात सुपारी घोळत असते, हे दृश्य महाराष्ट्रात तरी नवं नाही. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिनं मोबाइलच्या लहरी 'कदाचित' या गटात ठेवल्या आहेत, म्हणजे पुरावा तोकडा आहे. सुपारी मात्र २००४ पासून 'नक्की' या पहिल्या गटात आहे. तंबाखूसह नव्हे, नुसती सुपारी.

या गटांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण बातम्यांत तो नेहमी घसरतो. पहिल्या गटात तंबाखू आहे, दारू आहे आणि २०१५ पासून सॉसेज-सलामीसारखं टिकवलेलं मांसही आहे. म्हणून सलामी तंबाखूइतकी घातक ठरत नाही. चोरी याच माणसानं केली एवढं पोलिसांना पक्कं कळावं, पण माल किती गेला ते पंचनाम्यात लिहिलेलं नसावं, तशी ही यादी आहे. पुरावा किती पक्का, एवढंच ती सांगते. माल किती गेला, ते वेगळं मोजावं लागतं, आणि महाराष्ट्रात ते मोजलं की तंबाखूच्या जवळपास दुसरं काही येत नाही.

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होतात. पुरुषांमध्ये पहिला क्रमांक तोंडाच्या कर्करोगाचा. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी तो मान फुफ्फुसाकडे किंवा प्रोस्टेटकडे जातो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. प्रौढांत ओढणारे फक्त ३.८ टक्के. मुख्य कारभार न जाळलेल्या तंबाखूचा, २४.४ टक्के; थोडे जण दोन्ही करणारे. म्हणजे 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे' ही सिनेमातली पाटी आपल्या राज्यातल्या बहुसंख्य तंबाखूवाल्यांना उद्देशून नसतेच. ते निर्धास्तपणे चुना मळत असतात.

पश्चिम महाराष्ट्रात मावा, विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा, शेताच्या बांधावर तळहातावर मळून भरलेला बार, आणि घरात मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि बोटानं दातांना लावायची. लावणारी बाई याला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणते. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, संध्याकाळी डोकं धरलं की पुन्हा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून जास्त खेडूतांची तोंडं तपासली होती. इतकी मोठी पाहणी त्या काळी जगातही विरळा. त्यात बायकांच्या सवयींत मिश्री सगळ्यात पुढे होती. मिश्रीचा फटका तोंडापुरता राहत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात, गरोदरपणात न जाळलेली तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं हलकी भरली.

तंबाखू जाळली नाही म्हणजे बिनधोक, हा समज कुठून आला कोण जाणे. पानं वाळवताना आणि मुरवताना तिच्यातच नायट्रोसअमाइन नावाची कर्कजनक द्रव्यं तयार होतात. त्यासाठी आगीची गरज नसते. मिश्रीसाठी ती भाजली की जळण्यातून निघणाऱ्या द्रव्यांची भर पडते. चुन्याचं काम वेगळं आहे. त्यानं तोंडातली क्षारता वाढते आणि निकोटिन गालाच्या पातळ अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. 'चुन्याशिवाय लागत नाही' असं मळणारा म्हणतो, तेव्हा तो रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर बोलत असतो. त्याच चुन्यानं अस्तर सोलवटतं आणि विषाला आत शिरायला वाट मिळते.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, कारण ती पानाची, हाही असाच एक समज. मुंबईत मतदार याद्यांवरून निवडलेल्या सुमारे दीड लाख लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यात बिडी सिगारेटपेक्षा कमी घातक निघाली नाही, उलट मृत्यूचं प्रमाण बिडीवाल्यांत थोडं जास्तच आढळलं.

सुपारीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिला आपण देवघरात गणपती म्हणून मांडतो, लग्नात फोडतो आणि पाहुण्याला जेवणानंतर तबकात देतो. पूजेतल्या सुपारीशी भांडण नाही. भांडण दाढेखालच्या सुपारीशी आहे. तिच्यातल्या अ‍ॅरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतूंचे थर साठत जातात. सुरुवात फसवी असते. ठेचा-भाकरी खाणारा माणूस अचानक बिनतिखट मागायला लागतो, घरच्यांना वाटतं पित्त झालं. मग गाल आतून पांढरट, ताठ होतात. मग तोंड उघडेना. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे घरी पाहता येतं. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये, कारण असं तोंड कर्करोगाला तयार जमीन असते आणि सवय सुटली तरी साठलेले तंतू सहसा विरघळत नाहीत. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' म्हणणारी कॉलेजातली पोरं या अवस्थेत दवाखान्यात येतात.

महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मग दुकानात दोन पुड्या शेजारी-शेजारी लटकू लागल्या, एक पानमसाल्याची आणि एक तंबाखूची, आणि गिऱ्हाईक तळहातावर गुटखा स्वतः बनवू लागलं. कायद्यानं काहीच होत नाही असं नाही. पण गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीनं २०१६ पासून चालवलेलं 'मुक्तिपथ' अभियान पाहिलं की कळतं, गावानं मनावर घेतल्याशिवाय खर्रा हलत नाही. गावानं मनावर घ्यावं, तसं पुढाऱ्यांनीही बोलायला हवं. शरद पवारांवर २००४ मध्ये, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाच्या कर्करोगाचे उपचार झाले. आपल्याला वेळीच कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. सभेत असं बोलणारे पुढारी मोजकेच.

दारूचं थोडक्यात सांगता येईल. ती १९८८ पासून पहिल्या गटात आहे. शरीर तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, एवढ्या ठिकाणी तिचा संबंध सिद्ध आहे. 'थोडी हृदयाला चांगली' हा युक्तिवाद निदान कर्करोगापुढे टिकत नाही. आणि तंबाखूवाल्यानं दारू घेतली की दोन्ही धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

शहरी घरात यातलं काही नसतं, तिथं वेगळाच पाहुणा मुक्कामाला असतो, तो म्हणजे वाढलेलं पोट. लियाँच्या त्याच संस्थेनं २०१६ मध्ये जादा चरबीशी संबंध असलेल्या १३ कर्करोगांची यादी दिली. त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा, मूत्रपिंडाचा, स्वादुपिंडाचा असे आहेत. चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तूप नव्हे, ती इस्ट्रोजेन बनवते. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, पण चरबीचा कारखाना चालूच राहतो आणि स्तनाच्या पेशींना वाढीचा निरोप जात राहतो. आपल्याकडच्या शरीरांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरं बोलते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं थोडा दम लागेल असं चालणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. मॉलमध्ये फिरणं त्यात धरू नये. आणि एक गोष्ट सासरी-माहेरी फारशी सांगितली जात नाही. बाळाला अंगावर पाजणं हे आईलाही राखतं. २००२ साली तीस देशांतली माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा, पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका चार टक्क्यांहून थोडा जास्त घटलेला दिसला.

स्वयंपाकघरात शिरलो तर सल्ल्यांचा पूर येतो. हळद, गव्हांकुर, गोमूत्र, कडुनिंब. हळद आमटीत राहू द्या, तिथं ती शोभते. पण माणसांत तिनं कर्करोग टाळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा शेंगदाण्यांची बरणी बघा. कूट घातल्याशिवाय आपली कोशिंबीर होत नाही आणि उपासाचं ताटही भरत नाही, म्हणून हा सल्ला खास आपल्यासाठी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली होती. त्या बुरशीचं विष म्हणजे अ‍ॅफ्लाटॉक्सिन. ते यकृताचा कर्करोग घडवतं हे पुढे पक्कं झालं आणि कावीळ 'ब' असलेल्या माणसात धोका कित्येक पटींनी वाढतो. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही. तेव्हा सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला दाणा निवडून टाकायचा, कडू लागला तर थुंकायचा, आणि 'वाया कशाला घालवायचं' म्हणून तो कुटात ढकलायचा नाही. पावसाळ्यात बरणी कोरडी हवी. बाळाला जन्मल्याबरोबर कावीळ 'ब'ची लस टोचून घेतली की यकृताचं अर्धं काम तिथंच होतं.

चहाचीही एक गंमत आहे. ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेसाठी 'बहुधा' घातक, असं लियाँच्या संस्थेत २०१६ मध्ये ठरलं. हातात धरवत नाही असा कटिंग दोन घोटांत संपवणाऱ्यांनी विचार करावा. बशीत ओतून फुंकर मारत पिणाऱ्या आजोबांना गावंढळ म्हणून आपण हसलो. त्यांची अन्ननलिका आपल्यापेक्षा सुखात होती. चुलीचा धूरही याच 'बहुधा' गटात आहे. गॅस घरात आला तरी सिलिंडर महाग म्हणून अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच असेल, तर निदान धुराला बाहेर जायला वाट ठेवावी.

एवढं सगळं पाळूनही कर्करोग होतो. पेशी दुप्पट होताना चुका होतात, त्यातल्या काही निव्वळ दैवाच्या. शंभरातले पाच-दहा कर्करोग आईवडिलांकडून वारशानं आलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना टाळता येण्याजोग्या कर्करोगांचं प्रमाण ३० ते ५० टक्के मानते. म्हणजे निदान निम्म्या कर्करोगांत रुग्णाचा काहीही दोष नसतो. तेव्हा भेटायला गेल्यावर 'काही खात होतात का?' हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळून टाकावा.

दैवाच्या त्या वाट्यासाठी तपासणी आहे. यातला मोठा पुरावा मराठवाड्यातला आहे, हे आपल्याकडेच फार जणांना माहीत नसतं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि लियाँची संस्था यांनी मिळून काम केलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी पुढच्या आठ वर्षांत त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्हीच्या लसीची कथाही अशीच. भारतात २०१० मध्ये एक चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. चाचणी करणाऱ्या केंद्रांत पुणे, मुंबई, बार्शी होती. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही आणि एक डोसही पुष्कळ काळ पुरतो असं दिसलं. जगभर एका डोसाचा विचार पुढे सरकला त्याला या अपघाताचा मोठा हात आहे. पुण्यात बनलेली स्वदेशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला ती देणं, हे तिच्या लग्नाच्या दागिन्यांपेक्षा स्वस्त पडतं.

तोंडाला तर यंत्रही लागत नाही. आरसा आणि उजेड पुरतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, कारणाशिवाय हलणारा दात, जीभ बाहेर काढताना एका बाजूला ओढली जाणं. स्तनाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेच्या हातांनीही करता येते. मुंबईच्या वस्त्यांत वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात अशा तपासणीनं रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

राहिला प्रश्न सोडण्याचा. 'आता या वयात काय सोडायचं?' याचं उत्तर ब्रिटनच्या डॉक्टरांनी स्वतःवर दिलं आहे. १९५१ पासून पन्नास वर्षं रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हजारो डॉक्टरांच्या सिगारेटचा हिशेब ठेवला. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांना ती दहाही परत मिळाली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. साठीतली तीन वर्षं म्हणजे नातवाचं बालवाडी ते दुसरी.

तलफ अनावर वाटते, पण ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवायला बडीशेप, लवंग, ओवा चालतो. सुपारी चालत नाही, मिश्रीऐवजी तंबाखूची टूथपेस्ट तर मुळीच नाही. निकोटिनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतो, फक्त तो चघळत राहायचा नसतो. दोन-चारदा चावून गालात ठेवायचा, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावायचा. बार भरणाऱ्याला ही रीत शिकवावी लागत नाही. घरातलं कुणी सोडत असेल तर पहिले पंधरा दिवस चिडचिड होते, झोप उडते, बायकोवर किंवा सुनेवर राग निघतो, हे आधीच सांगून ठेवावं. मदतीसाठी केंद्र सरकारचा फुकट फोन क्रमांक आहे, १८००-११-२३५६. लिहून घ्यायची गरज नाही, २०१८ पासून तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.